"येते हं" म्हणावं कसं, कधी



आमचं बडोदं निरोपाच्या बाबतीत दुप्पट श्रीमंत. आपण मराठी माणसं निघताना "येतो" म्हणतो, "जातो" म्हणत नाही. शेजारचे गुजराती म्हणतात "आवजो", म्हणजे "या हं". घरातलाही तेच म्हणतो आणि निघणाराही तेच. दोन्हीकडे निरोपाच्या शब्दातच परत भेटणं ठरलेलं.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी माणसांचा राबता होता. आजीचं एकच म्हणणं, बोलणं गोड आहे तोवर उठावं. "बाकी काय?" हे एकदा विचारलं तर खरंच विचारलंय, दुसऱ्यांदा विचारलं की विषय संपले असं समजायचं. घरच्या माणसानं मात्र घड्याळाकडे बघायचं नाही. फारच उशीर व्हायला लागला तर आजी म्हणायची, "अंधार पडायच्या आत पोचशील ना गं?" त्यात काळजीही असायची आणि सूचनाही. मग पाहुणी म्हणायची, "कुंकू लावा, निघते." आजी करंडा आणायची, हळदीकुंकू लावायची, की बैठक संपली. त्यानंतर ओटल्यावर अर्धा तास उभ्यानं गप्पा व्हायच्या, पण त्या हिशेबात धरायच्या नाहीत!

हे सगळं किती मोलाचं होतं ते बाबा गेले तेव्हा कळलं.

गुजराती घरात बेसणं असतं. पेपरात वार-वेळ छापून येते, लोक त्या वेळेत येतात, हात जोडतात, जरा बसतात आणि निघतात. आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांना वेळ नसते. सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं. प्रत्येक जण प्रेमानंच विचारी, "कसं झालं हो?" आणि आई पहिल्यापासून सांगायला लागे. दिवसातून दहा वेळा. त्यात दुःखाच्या घरून निघताना "येते" म्हणत नाहीत. नेहमीचा शब्दच नाही, मग उठायचं कसं? लोक अवघडून तासतास बसून राहत. आईचा चेहरा उतरत जाई.

समोरच्या घरातल्या काकू रोज चहाचा थर्मास घेऊन येत. पंधरा मिनिटं आईजवळ बसत, फारसं बोलत नसत. मग तिच्या पाठीवरून हात फिरवून बाकीच्यांना म्हणत, "वहिनींना जरा पडू दे आता. मीही निघतेच." आणि स्वतः आधी उठत. त्यांच्या मागोमाग सगळे उठत. कोणाला वाईट वाटलं नाही, आणि आईला तासभर झोप मिळाली.

पुढे महिना-दोन महिन्यांनी वेगळीच अडचण आली. मैत्रिणी यायच्या, गप्पा व्हायच्या, पण निघायची वेळ झाली की सगळ्या गप्प. आता कुंकू लावा म्हणायचं की नाही? काही जणी घाईनं चपला घालून निघून जायच्या. आईला ते टोचायचं, ती बोलायची नाही. एका संध्याकाळी काकूंनी देवघरातून करंडा आणला, आईसमोर धरला आणि म्हणाल्या, "वहिनी, लावा बघू मला. निघायचंय." आईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कुंकू लावलं. काकू म्हणाल्या, "येते हं." त्या घरात कितीतरी दिवसांनी तो शब्द कुणीतरी मोकळेपणानं उच्चारला होता.

तेव्हापासून मला वाटतं, संभाषण संपवणं म्हणजे सुटका करून घेणं नव्हे. शेवटचं वाक्य समोरच्याच्या वाट्याचं असावं. "गुडघ्याला तेल लावत जा." "नातवाचा निकाल कळव." आणि पुढची भेट त्यात असावी. हल्ली आपली माणसं पुण्यात, अमेरिकेत, सगळा संसार फोनवर. "चल, बाय" म्हणून फोन कट होतो आणि म्हातारं माणूस हातातल्या फोनकडे बघत बसतं. त्याऐवजी "आई, कुकर लावायचाय, ठेवते. रविवारी सकाळी करते" एवढं म्हटलं की ते माणूस रविवारपर्यंत आनंदात असतं. फक्त रविवारी फोन करायचा. "येते" म्हटलं की यायलाच हवं ना!

तुमच्या इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या घरांत निघताना काय म्हणत? पाहुण्यांना उठवायच्या खास युक्त्या होत्या का? जरूर लिहा.

बराय, येते. आवजो!