अनुभवाचा रकाना

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला नातेवाइकांत फारशी किंमत नसते. पण घरात कुणाचा अर्ज भरायचा निघाला, की त्याला एकदम कुलगुरूंचा मान मिळतो. रेशनकार्डापासून रजिस्टर लग्नापर्यंत आमच्या खानदानातला एकही फॉर्म गेल्या वीस वर्षांत माझ्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकलेला नाही. फॉर्म कसा भरावा हे मला कळतं असं नव्हे. तो कोणकोणत्या कारणांनी परत पाठवता येतो, हे मला पाठ आहे. माझं रोजचं कामच ते आहे.

त्यामुळे दिवाळीनंतर माझा भाचा लॅपटॉप काखोटीला मारून आला आणि "मामा, अर्ज करायचाय," म्हणाला, तेव्हा मी सवयीने विचारलं, "फोटो आणलेस का दोन?"

"फोटो नको. ऑनलाइन आहे."

"कुठली बँक?"

"बँक नाही रे. बंगलोरची कंपनी आहे. बिनड्रायव्हरच्या गाड्यांवर काम करते."

मी आधी दाराकडे पाहिलं. कारण बाहेर चपला काढून या मुलाचे वडील आत येत होते. आणि आमचे दाजी एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते.

नाशकात सीबीएस ही तीन अक्षरं दोन अर्थांनी चालतात. गावात सीबीएस म्हणजे सेंट्रल बस स्टँड आणि आमच्या शाखेत सीबीएस म्हणजे कोअर बँकिंगचा कॉम्प्युटर. दाजींचा जन्म पहिल्या सीबीएसवर गेला, माझा दुसऱ्यात चालला आहे. फरक एवढाच, की दाजींच्या सीबीएसवरून गाडी उशिरा का होईना, पण सुटायची. आमच्याकडे "सीबीएस डाउन आहे" म्हटलं, की सगळे प्रवासी काउंटरपाशीच उभे!

निवृत्त झाले तरी दाजींचा उजवा पाय अजून नोकरीत आहे. रिक्षात बसले, की समोर कुत्रं आलं तर रिक्षावाल्याच्या आधी दाजींचा पाय खाली दाबला जातो. आमच्या घरी टीव्हीवर पाठलागाचा प्रसंग चालू असला, तरी सोफ्याखालची सतरंजी पुढे सरकते. ताई म्हणते, हे झोपेतसुद्धा ब्रेक मारतात. माझ्या पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या आहेत.

अशा माणसासमोर "बिनड्रायव्हरची गाडी" हा शब्द उच्चारणं म्हणजे भटजींसमोर रजिस्टर लग्नाची तारीख ठरवण्यासारखं. पण दाजी काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले आणि म्हणाले, "भरा, भरा. मी बघतो नुसतं."

अर्जाला सुरुवात झाली. मी आमच्या काळचा बायोडाटा सांगायला लागलो: संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, छंद वाचन. भाच्याने मला थांबवलं. म्हणे, एकच पान हवं, आणि ते पहिल्यांदा माणूस वाचतच नाही. कॉम्प्युटर वाचतो आणि ठरावीक शब्द सापडले तरच पुढे पाठवतो. म्हणजे गाडीला ड्रायव्हर नाही आणि अर्जाला वाचणारा नाही. त्याने आधी निरनिराळ्या कंपन्यांत असे त्रेपन्न अर्ज केले होते आणि त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं रात्री दोन वाजता, सही नसलेली आली होती. आम्ही निदान नकारावर शिक्का तरी मारतो.

मग तो रकाना आला. एकूण अनुभव, वर्षांत. भाच्याने शून्य टाकलं.

"शून्य?" दाजी पहिल्यांदाच बोलले.

"फ्रेशर आहे ना अण्णा मी."

"मे महिन्याच्या सुट्टीत पास काढून माझ्या मागच्या सीटवर बसायचास. कसारा घाट तुला वळणं मोजून पाठ होता. शून्य कसा अनुभव?"

"तो चालत नाही, अण्णा. रकानाच नाही त्याला."

दाजी गप्प झाले. मीही. कारण रकाना नाही म्हटल्यावर ती गोष्ट घडलीच नाही, हा आमच्या खात्याचा मूलभूत सिद्धांत आहे.

पंधरा दिवसांनी परीक्षेचं बोलावणं आलं. तीही घरबसल्या. त्यात एक गणित होतं: नकाशावरच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सर्वांत कमी खर्चाची वाट काढणारा प्रोग्राम लिहा. यासाठी ए-स्टार नावाची एक रीत आहे आणि ती १९६८ सालापासून चालत आली आहे. भाचा ती आम्हाला समजावून सांगत होता. दाजींनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "सीबीएसवरून पंचवटीत जायचंय. तुझा प्रोग्राम कुठून नेईल?"

"सरळ. रविवार कारंज्यावरून, होळकर पुलाने."

"संध्याकाळी सहा वाजता?"

भाचा विचारात पडला.

"मी अशोकस्तंभावरून रामवाडीच्या पुलाने जातो. अंतर जास्त आहे, पण रक्तदाब कमी राहतो. खर्च म्हणजे नुसते किलोमीटर नव्हेत, बाळा."

भाच्याने हे निमूटपणे वहीत लिहून घेतलं. परीक्षा पास झाला.

आता मुलाखत. तिची तयारी घेण्याची जबाबदारी अर्थातच माझी. मला मुलाखतीचा अनुभव एकाच खेपेचा आहे. बँकेच्या तीन साहेबांनी मला बी.कॉम.चं काही विचारण्याऐवजी "नाशिकचं वैशिष्ट्य काय?" असं विचारलं होतं. मी "द्राक्षं" म्हणालो आणि लागलो. त्या बळावर मी चष्मा नाकावर ओढून पॅनल म्हणून बसलो आणि भाच्याला पहिला प्रश्न टाकला, "तुमच्या या धंद्याचा थोडक्यात इतिहास सांगा."

तो सांगायला लागला आणि पॅनलच ऐकत बसलं. १३ मार्च २००४ रोजी अमेरिकन सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेने मोहावीच्या वाळवंटात बिनड्रायव्हरच्या गाड्यांची शर्यत लावली. बक्षीस दहा लाख डॉलर, अंतर सुमारे २२८ किलोमीटर, गाड्या १५. त्यांतली एकही पोचली नाही. सर्वांत हुशार निघाली ती गाडी जेमतेम १२ किलोमीटर गेली आणि अडकून पडली. म्हणजे सीबीएसवरून मुंबईला म्हणून निघाली आणि विल्होळीच्या आसपास बसली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये, पाच गाड्यांनी २१२ किलोमीटर पुरे केले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची गाडी पहिली आली. एका वर्षात एवढी प्रगती आमच्या शाखेतल्या लिफ्टनेही केलेली नाही. पुढे गूगलने २००९ साली हे काम हाती घेतलं. त्यातून वेमो ही कंपनी निघाली आणि २०२० पासून अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात तिच्या टॅक्सीत कुणीही बसू शकतं. पुढची सीट रिकामी.

"आणि या गाड्यांना शून्य ते पाच अशा पायऱ्या असतात," भाचा म्हणाला. "शून्यावर सगळं माणूस करतो, पाचावर सगळं गाडी. दुसऱ्या पायरीवर स्टिअरिंग आणि वेग गाडी सांभाळते; पण लक्ष माणसाने ठेवायचं आणि जबाबदारीही माणसाचीच."

काम मशीनचं, जबाबदारी माणसाची! दुसरी पायरी मला न सांगता कळली. मी वीस वर्षं तिच्यावरच उभा आहे.

"आणि गाडी चुकली तर?" मी विचारलं.

त्याने २०१८ सालच्या मार्चमधली हकीगत सांगितली. अमेरिकेत टेंपी नावाच्या गावात रात्रीच्या वेळी एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीची गाडी चाचणीसाठी आपली आपण चालली होती. धडकेच्या साडेपाच सेकंद आधी ती बाई गाडीच्या यंत्रणेला दिसली होती. पण गाडी ठरवत बसली: हे वाहन आहे? का सायकल आहे? का आणखी काही? नाव बदललं, की आधीचा हिशेब पुसून नव्याने सुरुवात. झेब्रा पट्टे सोडून कुणी माणूस मध्येच रस्ता ओलांडेल, हे तिला शिकवलेलंच नव्हतं. बाई गेली. गाडीत लक्ष ठेवायला बसवलेली चालक फोनकडे पाहत होती. खटला तिच्यावर चालला आणि २०२३ साली तिला तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

खोलीत कुणी बोललं नाही. दाजींचा पाय मात्र जमिनीवर घट्ट दाबला गेलेला मी पाहिला.

"साडेपाच सेकंद," ते हळूच म्हणाले. "कोण आहे हे नंतर विचारायचं असतं रे. आधी पाय ब्रेकवर."

दरम्यान ही बातमी सीबीएसजवळच्या चहाच्या टपरीवर पोचली होती. दाजींचे जुने सोबती तिथे रोज सकाळी जमतात. त्यांनी दाजींना धीर दिला, की घाबरू नका, गडकरीसाहेब आहेत. नितीन गडकरींनी २०१७ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात जाहीरच केलं होतं, की बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. एकाने तर दाजींना विचारलं, "पोरगा आपल्याच पोटावर पाय देणार, आणि तुम्ही चहा पाजताय होय?"

दाजींनी हे मला सांगितलं तेव्हा मला माझी खुर्ची आठवली. माझ्याआधी तिच्यावर बसणाऱ्या गृहस्थांचं अक्षर मोत्यासारखं होतं म्हणतात. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रं बसवण्याचा करार झाला, पुढे कॉम्प्युटर आले, लेजरं गेली आणि मोत्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. मग मी आलो. माझं अक्षर मलाच लागत नाही, तरी पगार चालू आहे. तेव्हा कुणाच्या पोटावर कुणाचा पाय, हा हिशेब मी तरी मांडू नये हे बरं.

मुलाखत दुसऱ्या शनिवारी, आमच्या घरी झाली. कारण आमच्याकडचं इंटरनेट ताईकडच्यापेक्षा बरं. सौ.ने कुकर लावायचा नाही असं ठरलं. दाराची बेल बंद केली. भंगारवाल्याला थोपवायला माझ्या मुलाला कोपऱ्यावर उभं केलं. भाचा आतल्या खोलीत आणि दाजी, ताई, सौ. आणि मी स्वयंपाकघरात, दाराला कान लावून. मुलाखत इंग्रजीत होती. मी भाषांतरकार.

पाऊण तास असं काही चाललं होतं, की मला इंग्रजीचंही मराठी होईना. मग एका बाईंचा आवाज आला. त्यांनी विचारलं, "समोर काहीतरी आहे. कॅमेरा म्हणतो पिशवी, रडार म्हणतं काहीतरी घट्ट. तुमच्या गाडीने काय करावं?"

मी कुजबुजत मराठी केलं. दाजींचा पाय ओट्याखालच्या गॅस सिलेंडरवर आपटला. ताईने त्यांचं तोंड दाबलं.

आत भाचा म्हणत होता, "आधी वेग कमी करावा. ते काय आहे हे कळण्याची वाट बघू नये. नाव नंतर, ब्रेक आधी. आणि आमच्या गावात माणूस कुठूनही रस्ता ओलांडतो, हे धरूनच चालावं."

"हे कुठे शिकलात?"

"वडील एकतीस वर्षं एसटी चालवत होते. त्यांच्या मागच्या सीटवर."

"तुमच्या अर्जात हा अनुभव दिसत नाही."

"रकाना नव्हता," भाचा म्हणाला.

बाई हसल्याचा आवाज आला. मी मराठी करायला वळलो, तर दाजी तिथे नव्हते. बाल्कनीत जाऊन रस्त्याकडे बघत उभे होते.

नोकरी मिळाली. ताईने पहिला प्रश्न विचारला, "पर्मनंट आहे ना?" या धंद्यात पर्मनंट म्हणजे काय ते मी तिला सांगितलं नाही. फोर्ड आणि फोक्सवॅगन या दोन बलाढ्य कंपन्यांचा पैसा लागलेली आर्गो ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद पडली आणि क्रूझच्या टॅक्सीतून जनरल मोटर्सने डिसेंबर २०२४ मध्ये अंग काढून घेतलं. बहिणीला सगळे आकडे सांगायचे नसतात. हे मी बँकेत नाही, घरात शिकलो.

मुंबई नाक्यावर रात्री त्याला सोडायला आम्ही सगळे गेलो. ट्रॅव्हल्सची गाडी लागली. ताई डोळे पुसत चिवड्याचे डबे मोजत होती. दाजी कुठे दिसेनात. पाहतो तो ते गाडीला एक फेरी मारून, प्रत्येक टायरला लाथ मारून ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे.

"काय भाऊ, दुपारची झोप झाली का?"

ड्रायव्हर चमकला. मग ओळखीचं हसला. "झाली, काका. चार तास. दुसरा ड्रायव्हर पण आहे."

तेव्हा कुठे दाजींनी मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला वर चढवलं.

गाडी गेल्यावर आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला थांबलो. दाजी म्हणाले, "एसटीत लागण्याआधी मी द्राक्षांचा ट्रक चालवायचो. तिसरी रात्र जागी होती. एका क्षणी डोळा लागला. उघडला तेव्हा समोर बैलगाडी. कशी वाचली, अजून कळत नाही. तुमच्या बहिणीलाही कधी सांगितलं नाही."

मी काहीच बोललो नाही.

"त्याच्या त्या गाडीला झोप येत नाही म्हणे?"

"नाही येत, दाजी."

"मग बनवू दे," ते म्हणाले. "फक्त आधी ब्रेक मारायला शिकव म्हणावं."

परतताना ते माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. द्वारकेच्या चौकात कुणीतरी आडवं आलं आणि माझ्या पोटरीवर एक लाथ बसली. स्कूटर वेळेवर थांबली.