न्हावा-शेवा बंदर आणि खपरा किडा

बेलापुराहून थेट उरणपर्यंत जाणारी लोकल गाडी जानेवारी २०२४ पासून सुरू झाल्यामुळें, पूर्वीं मोटारीच्या धुळींतून करावा लागणारा हा प्रवास आतां आम्हांसारख्या पेन्शनरांसही सुखाचा झाला आहे. खारकोपर मागें पडलें कीं खाडीचें पाणी, तिवरांची झाडी व भराव घालून बुजविलेलीं शेतें दिसूं लागतात. पुढें न्हावा-शेवा ह्याच नांवाचें स्थानक लागतें. बंदराच्या आंत आम्हांसारख्यास कोण सोडणार? परंतु हमरस्त्याच्या कडेस उभें राहिलें तरी पुरे. लोखंडी पेट्या वाहणाऱ्या प्रचंड मोटारींची रांग पाहतां पाहतां मान दुखूं लागते. हें बंदर १९८९ सालीं सुरू झालें. त्यापूर्वीं ह्या भागांत मिठागरें आणि भातखाचरें होतीं. जमिनींच्या मोबदल्यासाठीं जानेवारी १९८४ मध्यें जासई व नवघर येथें जें आंदोलन झालें, त्यांत गोळीबारानें पांच माणसें गेलीं. ती आठवण ह्या गांवांतून अद्याप ताजी आहे.

असो. आम्ही मुद्दाम तेथवर गेलों तें एका किड्याच्या कुतूहलानें, हें ऐकून वाचकांस हसूं येईल. त्याचें असें झालें. आमच्या कन्येचें बिऱ्हाड अमेरिकेंत असतें. गेल्या खेपेस तिच्याकडे जातांना आमच्या मंडळींनीं नातवासाठीं आंबेमोहोर तांदूळ बांधून घेतला होता. तिकडच्या विमानतळावर तो काढून घेण्यांत आला. सोवळ्यांत निवडलेल्या तांदुळांत किडा कसला, हा मंडळींचा प्रश्न बिनतोड होता. पण अधिकाऱ्यानें शांतपणें एकच शब्द उच्चारला, आणि तो चक्क आपल्याकडचा निघाला : खपरा!

हिंदींत खपरा म्हणजे कौल अथवा खापर; मूळ संस्कृत शब्द खर्पर. भिंतींच्या विटांच्या फटींतून राहणाऱ्या किड्यास तें नांव शोभतें. त्याचें शास्त्रीय नांव ट्रोगोडर्मा ग्रानेरियम. हें हॉलंडांतील कीटकज्ञ एव्हर्ट्स ह्यांनीं १८९८ सालीं ठेविलें. ग्रानेरियम म्हणजे लॅटिनांत धान्याचें कोठार. आणि त्यांतील ग्रानुम, म्हणजे दाणा, हा शब्द आपल्या ‘जीर्ण’ ह्या शब्दाचा दूरचा सोयरा होय, असें भाषाशास्त्री सांगतात. धान्य जीर्ण करणाऱ्यास ह्याहून समर्पक नांव आम्हांस तरी सुचलें नसतें.

किडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांब, तपकिरी रंगाचा. त्यास पंख आहेत. पण उडतांना तो कोणाच्या दृष्टीस पडलेला नाहीं. मोठा झालेला किडा थोडेच दिवस जगतो, नासाडी काय ती केंसाळ अळी करते. अन्न नसेल तर ही अळी एखाद्या फटींत शिरून कांहीं वर्षेंसुद्धां काढूं शकते. अगदीं कोरड्या दाण्यावर तिचें भागतें, आणि ३५ अंशांच्या सुमाराची उष्णता तिला मानवते. तेव्हां धान्यास ऊन दाखविलें कीं काम झालें, हा भरंवसा येथें चालत नाहीं. आमच्या दमट कोंकणपट्टींत तो फारसा रमत नाहीं. उत्तरेकडील कोरड्या, उष्ण मुलखांतल्या गव्हावर त्याचा खरा संसार. मात्र ज्यास उडतां येत नाहीं, त्यानें समुद्रापलीकडे जावें कसें? माणसाच्या पोत्यांतून, आणि आतां ह्या लोखंडी पेट्यांतून!

अमेरिकेच्या कीटकसृष्टींत ह्या प्राण्याची पहिली नोंद १९५३ सालीं झाली. कॅलिफोर्नियांतील टुलारी परगण्यांत एका धान्याच्या वखारींत तो सांपडला. मग जुने नमुने पुन्हां तपासतां असें आढळलें कीं, फ्रेझ्नो येथें तो १९४६ सालींच हातीं आला होता; परंतु गालिचे कुरतडणारा नेहमींचा काळा किडा समजून त्यास बाजूस ठेवण्यांत आलें होतें. सात वर्षें शत्रु घरांत होता, आणि टांचणीवर टोंचलेला असूनही त्याचें नांव कोणास ठाऊक नव्हतें. चूक करणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. ह्या कुळांत शंभराहून अधिक जाती आहेत, आणि दोन जातींतला भेद अळीच्या केंसांवरून व तोंडाच्या सूक्ष्म अवयवांवरून, भिंगाखालीं पाहूनच ठरतो. पण त्याची किंमत जबर पडली. १९५५ पासून सबंध वखारी ताडपत्रींत गुंडाळून त्यांत मिथाइल ब्रोमाइड नांवाचा विषारी वायु सोडण्यांत आला. उपद्रव मोडावयास १९६६ साल उजाडलें. १९७८ नंतर तो पुन्हां कांहीं ठिकाणीं सांपडला व पुन्हां मोडून काढावा लागला.

येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. बंदरावर आलेल्या पोत्यांत किडा सांपडला, म्हणजे तो त्या देशाचा झाला असें नव्हे. तो पाहुणा दारांतच अडविला गेला. देशाच्या भूमीवर तो स्वतंत्रपणें वस्ती करून राहिलेला आढळला, म्हणजेच खरी नोंद होते. ही दुसरी पायरी येऊं नये म्हणून पहिलीवर इतका कडक पहारा. खपरा असलेल्या देशांतून प्रवाशांनीं तांदूळ आणूं नये, हा अमेरिकेचा नियम २०११ सालचा. व्यापारी मालास वनस्पति-आरोग्याचें प्रमाणपत्र लागतें. तें नसलें तर माल परत येतो, आणि परत आलेल्या तांदळाचा तोटा व्यापाऱ्याबरोबर शेतकऱ्यासही बसतो. वायूचीही अडचण आहेच : मिथाइल ब्रोमाइड आकाशांतील ओझोनचें आवरण विरळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें त्याचा सामान्य वापर बंद होत गेला, किडे देशोदेशीं पसरूं नयेत एवढ्यापुरती त्यास सवड राहिली.

हें सर्व आम्हीं घरीं मंडळींस समजावून सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि, ‘मग विटांच्या फटी लिंपावयास काय होतें?’ एवढेंच विचारलें. प्रश्न आम्हांस वरवर वाटला तेवढा भाबडा नाहीं. पेटींतून माल उतरला तरी तळाच्या लांकडी फळ्यांच्या फटींत दाणे राहतात, आणि दाण्यांबरोबर अळी राहते. पुढच्या खेपेस त्याच पेटींतून धान्याऐवजीं कपडे गेले तरी तिची तक्रार नसते. रस्त्याच्या कडेस उभें राहून आम्हीं पन्नासेक पेट्या मोजल्या. त्या आंतून कितपत झाडल्या होत्या, हें मात्र बाहेरून दिसत नाहीं.