अर्ज आणि आर्जव

शाळेच्या वसतिगृहात असताना आम्हांला अर्जाचा एकच नमुना ठाऊक होता: ‘मी अत्यंत गरीब घरातील विद्यार्थी असून...’ फी-माफीसाठी तो कामी आला. पुढे इतिहासात एम.ए. होऊन शिक्षकाच्या जागेसाठी पहिला अर्ज केला, तेव्हाही लेखणीने तीच वाट धरली. अर्जासोबतच्या पत्रात वडिलांची मजुरी आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी सविस्तर आली. शिकविण्याविषयी मात्र एक ओळ नव्हती. मुलाखतीचे बोलावणे आले नाही. आपल्या शाळेतील गुरुजींना मी पत्राची प्रत दाखविली. ते म्हणाले, “हे वाचून दया येते रे, पण वर्ग तुझ्या हाती सोपवावा, असे वाटत नाही.”

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे इतिहासात सापडला. १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू करणारे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. सैन्यात महारांची भरती बंद झाली होती. १९१० साली त्यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महार परिषदेचा विनंतीअर्ज थेट भारतमंत्र्यांकडे गेला. त्याची भाषा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नम्रच होती. परंतु मागणी नेमकी होती: पोलीस शिपाई आणि सैनिक या जागा. आधार होता पूर्वजांनी सैन्यात केलेल्या सेवेचा. ती मागणी लगेच पदरात पडली नाही. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. तरीही एका संपूर्ण समाजाच्या वतीने केलेला तो नोकरीचा अर्जच होता, आणि त्यात नम्रता होती, लाचारी नव्हती.

गेल्या वर्षी आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी परिचारिकेच्या जागेसाठी लिहिलेले पत्र घेऊन घरी आली. आरंभी घरचे हाल, आणि अगदी शेवटी एक ओळ: प्रशिक्षणकाळात तिने सहा महिने रात्रपाळी केली होती. ती ओळ आम्ही वर घेतली. जाहिरातीचा क्रमांक, पदाचे नाव, त्या कामाला लागणारे आपले कौशल्य, त्याचा एक-दोन अनुभवांतून दाखला, रुजू होण्याची तारीख आणि सही. सारे एका पानात बसले.

“सर, मग गरिबी लिहायचीच नाही का?” तिने विचारले. तिच्या स्वरात थोडी व्यथा होती. कारण ती गरिबी खोटी नव्हती. मी म्हणालो, “लिही ना. पण तिने तुझे काय केले, हे न लिहिता तिच्यात राहून तू काय केलेस, ते लिही.” तिने लिहिले: दिवसा शिवणकाम करून शिक्षणाचा खर्च स्वतः भागविला.

निकाल अजून लागायचा आहे. त्या पत्राची एक प्रत मी जपून ठेवली आहे. दहावीच्या वर्गात अर्जलेखन शिकविताना फी-माफीच्या नमुन्याआधी आता मी तीच फळ्यावर लिहितो.