हॅलिफॅक्सचा उन्हाळा आणि आफ्रिकव्हिलचे तंबू

आमची भाची व जावई नोकरीनिमित्त कॅनडात गेल्यापासून "मामा, एकदा तरी या" असा त्यांचा आग्रह चालूच होता. कचेरीतील कारकुनाला एवढी लांबची वाट परवडणारी नव्हे. परंतु जावयांनी तिकिटेच काढून पाठविली, साहेबांनी अर्जित रजा मंजूर केली, आणि गेल्या वर्षी जुलै महिन्यात आम्ही उभयता हॅलिफॅक्सला जाऊन आलो. भाचीची सहा वर्षांची कन्या विमानतळावरच आम्हांस "आजोबा" म्हणाली. पंचेचाळिशीत आजोबा होण्याची आमची तयारी नव्हती, पण नाते आहे ते आहे!

हॅलिफॅक्स ही नोवा स्कोशिया प्रांताची राजधानी. अटलांटिक महासागराच्या काठचे, १७४९ साली इंग्रजांनी वसविलेले बंदर. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ४ लाख ४० हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम जिल्ह्याच्या गावाएवढी. शहराच्या मधोमध टेकडीवर किल्ला आहे व तेथून रोज दुपारी बारा वाजता तोफ उडते. पहिल्या दिवशी सौ. दचकल्या. चौथ्या दिवसापासून तोफेवर घड्याळ लावू लागल्या.

तेथे थंडी फार, त्यामुळे उन्हाळ्याचे दोन-तीन महिने लोक घरात म्हणून थांबत नाहीत. रविवारी दुपारी पब्लिक गार्डन्स या १८६७ सालच्या बागेत वाद्यवृंद वाजतो. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी बांधलेला जुना चौथरा आहे, त्यावर वादक बसतात, आणि समोर म्हातारी माणसे, बाबागाडीतील मुले, शिळोप्याच्या गप्पा मारणारे असे सगळे. तिकीट नाही. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी 'नेटल डे' म्हणून शहराचा वाढदिवस असतो, त्याची तयारी आम्ही तेथे असतानाच चालू होती.

आम्हांस सर्वांत आवडले ते मध्यवर्ती वाचनालय. २०१४ साली उघडलेली ही काचेची इमारत पुस्तके एकावर एक तिरपी रचून ठेवावीत तशी दिसते. पाचव्या मजल्यावर शहराचा जणू दिवाणखाना आहे. तेथे बसून बंदर पाहावे, वर्तमानपत्र वाचावे, कोणी "काय पाहिजे?" म्हणून विचारीत नाही. नात खाली गोष्टी ऐकत होती आणि शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ, ज्यांना बहुधा घर नसावे, मोठ्या एकाग्रतेने जाड ग्रंथ वाचीत होते. आमच्या शहरातील वाचनालयात चप्पल काढण्यावरून आणि अनामत रकमेवरून आम्ही कितीदा भांडलो आहोत ते आठवले.

प्रांताच्या कलादालनात एक अख्खे घर आणून ठेवले आहे. मॉड लुईस नावाच्या चित्रकार बाईंचे ते घर. घर कसले, एक खोलीच. वीज नाही, नळ नाही. नवरा मासे विकणारा, बाईंची बोटे सांधेदुखीने वाकडी झालेली. त्या स्थितीत त्यांनी दार, भिंती, चूल, जिना, डबे, जे हाती लागेल त्यावर फुले-पाखरे रंगविली. रस्त्याने जाणाऱ्यांना दोन-पाच डॉलरला चित्रे विकली आणि १९७० साली त्या वारल्या. २०२२ साली त्यांचे एक चित्र लिलावात साडेतीन लाख डॉलरला गेले. सौ. त्या घरासमोर बराच वेळ उभ्या होत्या. "चुलीवरसुद्धा फुले काढली हो बाईने," एवढेच म्हणाल्या.

हॅलिफॅक्सहून समोरच्या डार्टमथला जायला बोट आहे. ही सेवा १७५२ पासून चालते. या बोटींची नावे सरदार-दरकदारांची नसून माणसांची आहेत. एक नाव व्हिन्सेंट कोलमन या रेल्वे कर्मचाऱ्याचे. १९१७ साली बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाला आग लागली असता, येणारी गाडी थांबवा म्हणून तार करीत तो जागेवर बसून राहिला आणि स्फोटात गेला. दुसरे नाव रीटा जो या मिकमाक आदिवासी कवयित्रीचे. आणि तिसरे व्हायोला डेस्मंडचे. या हॅलिफॅक्सच्या कृष्णवर्णीय बाई, केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या. १९४६ साली न्यू ग्लासगो गावच्या चित्रपटगृहात त्या खाली गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसल्या व उठेनात. त्यांना ओढून तुरुंगात टाकले, आणि खटला भरला तो करमणूक कर एक सेंट कमी भरला म्हणून! २०१० साली सरकारने त्यांना माफी दिली. (माफी कोणी कोणाची मागायची हा प्रश्न आहेच.) २०१८ पासून दहा डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. आम्ही ती एक नोट न मोडता परत आणली आहे.

जुलैच्या शेवटच्या रविवारी जावई म्हणाले, "मामा, आज एक वेगळा कौटुंबिक मेळावा दाखवतो." बसने शहराच्या उत्तर टोकाला, मोठ्या पुलाच्या खाली गेलो. पाण्याच्या काठाला हिरवे मैदान, त्यावर तंबू आणि फिरती घरे. धूर, मासे भाजल्याचा वास, धावणारी मुले, खुर्च्या टाकून बसलेल्या आज्या. हे आफ्रिकव्हिल.

येथे कृष्णवर्णीयांचे गाव होते. १८४८ साली जमीन खरेदी केल्याचे कागद आहेत, १८४९ चे चर्च होते. हे लोक नगरपालिकेला कर भरीत. पण नळ दिला नाही, गटार दिले नाही, रस्ता डांबरी केला नाही. दिले काय? तुरुंग, साथरोगाचे इस्पितळ, मैला टाकण्याचे खड्डे, आणि १९५० नंतर शहराचा उघडा उकिरडा. मग वस्ती गलिच्छ आहे असे ठरवून तीच हलविण्याचा ठराव झाला. ज्यांच्याजवळ कागद नव्हते त्यांना पाचशे डॉलर. १९६४ पासून सुमारे ८० कुटुंबे, ४०० माणसे हलविली. काहींचे सामान तर नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाड्यांतून नेले. १९६७ साली चर्च रात्रीच्या अंधारात पाडले. शेवटचे घर १९७० च्या जानेवारीत गेले. आम्हांला या गोष्टीतले काहीही समजावून सांगावे लागले नाही.

१९८३ पासून ही कुटुंबे दर जुलैत येथे येतात व आपल्या जुन्या घराच्या जागी तंबू ठोकतात. २०१० साली महापौरांनी जाहीर क्षमा मागितली. त्यानंतर चर्चची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली, त्यात आता संग्रहालय आहे. जमीन मात्र अद्याप परत मिळालेली नाही, आणि त्यासाठीचे भांडण संपलेले नाही.

एका आजींनी आम्हांस भाजलेली मक्याची कणसे दिली. तुमचे घर कोठे होते, असे भाचीमार्फत विचारले. त्यांनी पुलाच्या खांबाकडे बोट दाखविले, मग डावीकडे, "ही माझी मावशी, ही शिक्षिका, येथे विहीर" असे हवेत एकेक घर उभे करीत गेल्या. त्यांची नातवंडे तोंडपाठ असल्याप्रमाणे मध्येच नाव सांगत होती. यांपैकी एकही मूल त्या घरांत जन्मले नव्हते.

परतताना बसमध्ये आम्ही बोललो नाही. आमची स्वतःची वस्ती रस्तारुंदीत गेली तेव्हा आम्ही चौथीत होतो. तीन ठिकाणी जागा मिळाल्या, माणसे तीन दिशांना गेली. आज आम्ही एकमेकांना भेटतो ते मयतीला, नाहीतर चौदा एप्रिलच्या गर्दीत, "अरे, तू अमक्याचा ना?" एवढ्यापुरते. समाजकार्यात वीस वर्षे घातली, किती मेळावे घेतले, पण हा एक मेळावा घेण्याचे कधी सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

घरी आल्यावर कचेरीतील एक कोरी वही घेतली (पैसे भरून, गैरसमज नसावा) आणि आईसमोर बसलो. पहिल्या गल्लीतील घरे तिने झटपट सांगितली. दुसऱ्या गल्लीत नळाच्या अलीकडे कोण व पलीकडे कोण यावरून तिचे आणि थोरल्या बहिणीचे वाजले, शेवटी फोनवर तिसरीला बोलवावे लागले. आतापर्यंत बावन्न घरे लिहून झाली आहेत. विहाराच्या मागची ओळ अजून राहिली आहे. तेथील कोणी हे वाचीत असेल, तर आमच्याकडे निरोप धाडावा. जागा म्हणाल तर रस्त्याच्या कडेला पिंपळ अजून उभा आहे, आणि रविवारी सकाळी तेथे रहदारी कमी असते.