अण्णांनी दिलेला कान

म्यूझ या इंग्लिश रॉक बँडचा ‘सिम्युलेशन थिअरी’ हा अल्बम मला नीट ऐकू आला तो ग्वाल्हेरच्या दौलतगंजात पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणाऱ्या अण्णांमुळे. असं म्हटलं की पुण्यातल्या स्टुडिओतले माझे सहकारी हसतात. हसोत बापडे. जाहिरातींना आवाज लावणं हा माझा धंदा, आणि त्या धंद्यातली माझी खरी शिकवणी अण्णांच्या ओसरीवर झाली.

अण्णा आमच्या बोळाच्या तोंडाशी राहायचे. गळा ग्वाल्हेर गायकीत तयार झालेला, पण पोट पेटीवर. मैफलीला त्यांना कुणी बोलवायचं नाही. मोडक्या पेट्या मात्र अख्ख्या लष्कर भागातून त्यांच्याकडे यायच्या. शाळा सुटली की मी तिथे. ‘बैस भैया, पण हात लावू नकोस,’ असं ते म्हणायचे आणि थोड्या वेळाने स्वतःच हातात कानस द्यायचे.

पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक बारीक जीभ. एका टोकाला पक्की बसवलेली, दुसरं टोक मोकळं. अण्णा त्या जिभेखाली पातळ पोलादी पट्टी सरकवायचे, म्हणजे कानस चालवताना ती वाकू नये. सूर उतरलेला असेल तर मोकळं टोक घासायचं: टोक हलकं होतं, सूर चढतो. चढलेला असेल तर मुळाशी घासायचं: मूळ लवचीक होतं, सूर उतरतो. घासायचं म्हणजे तरी किती? कानस एकदा जेमतेम फिरवायची, भाता मारून ऐकायचं, मग पुन्हा. पितळेचा जो कीस कागदावर पडायचा तो फुंकरीने उडून जाईल इतका.

खरी गंमत दोन ओळींच्या पेटीत. दोन्ही ओळी नर, म्हणजे एकाच सप्तकातल्या सुरांच्या असल्या की एक पट्टी दाबताच एकाच स्वराच्या दोन जिभा वाजतात. त्या तंतोतंत जुळल्या तर आवाज स्वच्छ येतो, पण चपटा. एकीची कंपनं सेकंदाला 440 आणि दुसरीची 442 असली, तर सेकंदाला 2 लाटा उठतात, आवाज रुंद होतो, हलतो. गिऱ्हाइकाला गायची साथ हवी असेल तर अण्णा या लाटा पार पुसून टाकायचे. भजनी मंडळाची पेटी असेल तर किंचित ठेवायचे. मला डोळे मिटून लाटा मोजायला लावायचे. ‘सूर कोणालाही ऐकू येतो, दोन सुरांमधलं भांडण ऐक,’ हे त्यांचं म्हणणं. ऐकू यायला मला बरेच महिने लागले. त्यानंतर ते बंद कधी झालंच नाही. लग्नातल्या बँडमध्येसुद्धा मी तेच ऐकत बसतो.

पेटीला कुणी परकं यंत्र म्हटलं की अण्णा तापायचे. ती मुळात फ्रान्सची हे त्यांना ठाऊक होतं. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडलं, याचा राग त्यांना घरच्या भांडणासारखा होता. लगेच भैया गणपतरावांचं नाव निघायचं. ग्वाल्हेरच्या राजघराण्याशी नातं असलेला हा माणूस ठुमरीला पेटीवर बोलतं करून गेला, मग यंत्र परकं कसं, असा त्यांचा सवाल. मला हा युक्तिवाद तेव्हा अर्धवटच कळत होता.

मग म्यूझ. डेव्हन परगण्यातल्या टिनमथ गावची तीन पोरं, 1994 पासून एकत्र. ‘सिम्युलेशन थिअरी’ हा त्यांचा आठवा अल्बम, 9 नोव्हेंबर 2018 ला आला. आपण जगतो ते जगच कुणीतरी संगणकावर चालवलेलं असेल तर, ही विज्ञानकथेतली शंका त्याच्या मुळाशी. मुखपृष्ठ काइल लॅम्बर्टचं, ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ची पोस्टरं करणारा तोच. जांभळा-गुलाबी निऑन, ऐंशीच्या दशकातल्या व्हिडिओ कॅसेटच्या वेष्टनासारखा. आवाजही त्याच काळातले, जुन्या सिंथेसायझरचे. आता जुन्या सिंथचा तो ‘जाड’ आवाज येतो कुठून? सूर काढणारे दोन ऑसिलेटर एकाच स्वरावर लावायचे आणि एकाला केसभर बाजूला सारायचं. मिनिमूग या सिंथमध्ये तर 1970 सालीच तीन ऑसिलेटर होते. म्हणजे अण्णांची भजनी पेटीच, फक्त पितळेऐवजी वीज.

त्या डिसेंबरात तानसेन समारोहाच्या निमित्ताने ग्वाल्हेरला गेलो, तेव्हा हेडफोन अण्णांच्या कानाला लावला. पहिलंच गाणं, ‘अल्गोरिदम’. अण्णांनी डोळे मिटले, बोटांनी खर्ज शोधला, गुणगुणून षड्ज धरला. इंग्रजी शब्दांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, ‘दोन सूर मुद्दाम भांडवलेत. पण कारागीर चांगला आहे, भांडण हाताबाहेर जाऊ दिलं नाही.’ पुढे ‘समथिंग ह्यूमन’ लागलं तेव्हा हेडफोन काढून ठेवला. ‘हे बाजारी आहे.’ दोन्ही निकाल मला मान्य आहेत.

कुणाला वाटेल, ग्वाल्हेर गायकी आणि सिंथचा संबंध मी ओढूनताणून लावतोय. मग हे ऐका. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तो स्टुडिओ उभा करून दिला. त्यावर काम करणाऱ्यांत अतुल देसाई होते, ओंकारनाथ ठाकुरांचे शिष्य. ओंकारनाथ पलुस्करांचे, पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे, आणि बुवा शिकले ते ग्वाल्हेरला. त्याच स्टुडिओत जिनराज जोशीपुरा या विद्यार्थ्याने ‘स्पेस लायनर 2001’ नावाची अंतराळ-रचना केली. या टेपा 2023 मध्ये अल्बमरूपाने बाहेर आल्या. ऐकल्या तेव्हा वाटलं, अण्णांना दाखवायला हव्या होत्या. तोवर अण्णा गेले होते.

शिकवणीचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. मी पहिल्या पगारातून दिलेलं पाकीट परत करताना म्हणाले, ‘पेटी आणली असतीस तर घेतले असते.’ ते पाकीट फिटलेलं नाही आणि फिटणारही नाही. त्यांच्या कानशी मात्र आता माझ्याकडे आहेत, ओळखीच्यांच्या पेट्या मी फुकट लावून देतो.

बाकी अल्बमबद्दल विचाराल तर: म्यूझचं हे सर्वोत्तम काम नाही, सजावट फार आहे. ‘डिलक्स’ आवृत्तीत हीच काही गाणी साध्या वाद्यांवर पुन्हा केलीत, ती आधी ऐका. मग मूळ अल्बमचं शेवटचं गाणं, ‘द व्हॉइड’. हेडफोन लावा, खालचा स्वर धरा आणि वरच्या सुरांमधल्या लाटा मोजा.