समुद्रकाठचं गायरान

दादा जूनमध्ये सॅन डिएगोला येणार हे ठरलं, तेव्हा तिकिटाच्याही आधी त्याने फोनवर गोल्फचा विषय काढला. "टॉरी पाइन्सला नेशील ना गं?" दादा सैन्यात होता. गोल्फ तो तिथेच शिकला. बदली होईल त्या छावणीच्या कोर्सवर खेळला आणि निवृत्त होऊन पुण्यात आल्यावरही त्याने खेळ सोडला नाही. २००८ च्या जूनमध्ये टायगर वूड्सने टॉरी पाइन्सवर यूएस ओपन जिंकली, तो सामना त्याने रात्र जागून पाहिला होता. डाव्या पायाच्या हाडाला तडे, गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं, चौथ्या दिवशी शेवटच्या होलवर साधलेली बरोबरी, पाचव्या दिवशी रॉको मिडिएटशी अठरा होलचा प्लेऑफ, त्यातही बरोबरी आणि अखेर एकोणिसाव्या होलवर निकाल. पुढे दादाच्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याने ही गोष्ट ऐकवली.

या शहरात राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. गोल्फ मी इथेच शिकले. पाहुणे आले की 'कुठे खेळायचं?' हा प्रश्न माझ्याकडेच येतो, कारण सॅन डिएगोत आणि आसपास कोर्स भरपूर आहेत. कड्यावरचे, खाडीकाठचे, दऱ्याखोऱ्यांतले, आलिशान हॉटेलांचे, फक्त सभासदांचे. नावाजलेला कोर्स निवडणं सोपं असतं. खेळणारा कोण आहे, त्याचे पाय किती साथ देतात, दिवसाच्या कुठल्या वेळी तो ताजातवाना असतो, हे बघून निवडलं तर खेळाचा आनंद पुरेपूर मिळतो. दादासाठी मला तसंच निवडायचं होतं.

पहिला विचार हवेचा. हे शहर उन्हासाठी प्रसिद्ध आहे, पण मे आणि जूनमध्ये किनाऱ्यावर सकाळी सूर्य दिसेलच असं नाही. इथले लोक त्याला 'मे ग्रे' आणि 'जून ग्लूम' म्हणतात. किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह थंड असतो. त्याच्यावरची गार, दमट हवा वरच्या उबदार हवेच्या थराखाली अडकते आणि खाली उतरलेले ढग दुपारपर्यंत हलत नाहीत. त्याच वेळी काही मैल आत गेलं की लख्ख ऊन असतं. गार हवेत चेंडू कमी अंतर कापतो आणि सकाळी गवत ओलं असतं. म्हणून जूनमध्ये मी किनाऱ्यावरचा टी टाइम दुपारचा घेते आणि सकाळी खेळायचंच असेल तर आतल्या बाजूला जाते. उशिरा दुपारी सुरू केलं तर 'ट्वायलाइट' दर लागतो, तो कमी असतो, आणि जूनमधला दिवस मोठा असल्याने खेळायला वेळही पुष्कळ मिळतो.

दादा आल्यावर पहिल्या संध्याकाळी आम्ही मिशन बेला गेलो. हा पालिकेचा छोटा कोर्स. होल अठरा, पण बहुतेक पार-तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचे, आणि अंधार पडला की दिवे लागतात. विमानप्रवासाने झोपेचं तंत्र बिघडलेल्या माणसाला रात्री आठ वाजता आठ नंबरचं आयर्न हातात मिळावं, याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही. आमच्या पुढे एक बाई दोन लहान मुलांना घेऊन खेळत होती. मुलं चेंडूमागे पळत होती, पण ग्रीनवर पोचली की आपोआप शांत उभी राहत होती. दादा त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिला. गुडघा कुरकुरला नाही. मला हवं ते कळलं: सपाट जमिनीवर तो अठरा होल चालू शकेल, चढउतारावर कार्ट घ्यावी लागेल.

म्हणून बाल्बोआ पार्कला आम्ही कार्ट घेतली. १८६८ साली, हे गाव अगदी लहान असताना, गावकऱ्यांनी चौदाशे एकर जमीन बागेसाठी राखून ठेवली. तिच्याच एका कडेला हा कोर्स आहे. लांबीला मोठा नाही, पण जमीन घळींनी चिरलेली. चेंडू घळीच्या पलीकडे टाकायचा किंवा काठाकाठाने जायचं, हे जवळजवळ प्रत्येक होलवर ठरवावं लागतं. समोर डाउनटाउनच्या उंच इमारती आणि त्यांच्यामागे पाण्याची रेघ. दादाने ड्रायव्हर पिशवीतच ठेवला आणि जवळजवळ सगळा डाव आयर्नवर खेळला. "डोकं वापरायला लावतो हा," तो म्हणाला. ज्याचा फटका सरळ जातो पण लांब जात नाही, त्याच्यासाठी मी बाल्बोआच सुचवते.

तिसरा कोर्स कोरोनाडोचा, आणि सगळ्यात जास्त मी बोलते ते त्याच्याविषयी. कोरोनाडो हे खाडीपलीकडचं वेगळं गाव. १९५७ सालचा हा कोर्स त्या गावाच्या मालकीचा आहे. तो तळहातासारखा सपाट आहे. १९६९ साली वाहतुकीला खुला झालेला निळा, वळणदार पूल जणू डोक्यावरूनच जातो. नौदलाच्या जहाजांना खालून जाता यावं म्हणून तो इतका उंच बांधला आहे. इथे फी माफक असते, त्यामुळे वेळ मिळवणं कठीण. आम्हाला मिळाली ती दोघांची जागा, आणि स्टार्टरने, म्हणजे खेळाडूंची पाळी लावणाऱ्याने, आमच्याबरोबर आणखी दोघांना जोडून दिलं. एक अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ, दुसरी शाळेची बस चालवणारी बाई. ती सकाळची फेरी आटोपून आली होती.

दादाला हे नवं होतं. त्याच्या सवयीच्या गोल्फमध्ये चौघं आधीच ठरलेले असतात, बहुधा एकाच दर्जाचे, आणि पिशवी कॅडी उचलतो. इथे चौघंही आपापली ढकलगाडी ढकलत चालले होते. पहिल्या दोन होलवर दादा आणि ते नौदलवाले एकमेकांना 'सर' म्हणत राहिले. तिसऱ्या होलवर दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि तिथून पुढे गप्पांना खळ पडला नाही. बसवाल्या बाईचा हँडिकॅप आमच्या तिघांपेक्षा कमी होता, म्हणजे खेळात ती आमच्याहून सरस होती. दुपारचा वारा खाडीवरून सुटला, तसं तिने दादाला सांगितलं, "चेंडू खाली ठेवा, वाऱ्याशी भांडू नका." दादाने ते ऐकलं आणि पुढच्याच होलवर पार काढला. तिने टाळी द्यायला हात पुढे केला. आयुष्यभर हुकूम देत आलेल्या माझ्या दादाने इतक्या मोकळेपणाने कुणाचं ऐकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

परतताना गाडीत तो बराच वेळ कॅडींविषयी बोलला. छावणीच्या कोर्सवर पिशव्या उचलणारी पोरं फावल्या वेळात झाडाच्या फांदीने स्विंग करायची आणि त्यातली काही साहेबांपेक्षा सुरेख खेळायची. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हेही कॅडी म्हणूनच या खेळात आले. "त्या पोरांना असा कोर्स मिळाला असता तर?" दादा म्हणाला. आपल्याकडे खारघरला सिडकोने सर्वांसाठी खुला कोर्स केला आहे. पण मुंबई-पुण्यातला बहुतेक गोल्फ आजही क्लबच्या किंवा छावणीच्या फाटकाआड आहे. आत जायचं तर सभासदत्व हवं, नाहीतर ओळख.

राहिलं टॉरी पाइन्स. तिथे दोन कोर्स आहेत, साउथ आणि नॉर्थ. दोन्ही १९५७ साली खुले झाले, विल्यम एफ. बेल यांनी आखलेले. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात या पठारावर कॅम्प कॅलन नावाचा लष्करी प्रशिक्षण तळ होता. हे मी सांगितलं, तेव्हा दादा ताठ होऊन ऐकू लागला. यूएस ओपन झाली ती साउथवर, २००८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये. तेव्हा जॉन राहमने शेवटच्या दोन्ही होलवर बर्डी करून ती जिंकली.

साउथ सगळ्यांना हवाहवासा वाटतो, पण तो दांडगा आहे. स्पर्धेच्या टीवरून त्याची लांबी साडेसात हजार यार्डांच्या पुढे जाते. पुढच्या टीवरूनही दमछाक होते. फेअरवे सोडला की किकुयू गवत क्लबला धरून ठेवतं आणि मनगटाला हिसका बसतो. पाहुण्यांना फी भरमसाट, शहरवासीयांना ओळखपत्र दाखवून त्यामानाने फारच कमी. मी दादाला आधी साउथच्या अठराव्या ग्रीनजवळ नेलं. ग्रीनसमोर तळं आहे. इथेच वूड्सने ती बरोबरी साधणारी पुट घातली होती. दादाने तिथे उभं राहून तीन-चार चौकडींचा खेळ पाहिला. लांब फटक्यांनी थकलेली माणसं शेवटी तळ्यासमोर चेंडू अलीकडेच ठेवत होती. मग तो म्हणाला, "बघायला हे, खेळायला नॉर्थ." पैसे भरायला मी तयार होते, पण निर्णय त्याचा होता आणि तो योग्य होता.

नॉर्थची फेररचना २०१६ साली टॉम वाइसकॉफ यांनी केली. ग्रीन मोठी झाली, बंकर कमी झाले, आणि टी इतक्या अंतरांवर आहेत की प्रत्येकाला आपल्या ताकदीची सापडते. आम्ही पुढच्या टीवरून खेळलो. पार-चारच्या प्रत्येक होलवर दोन फटक्यांत ग्रीन गाठायची आशा राहिली पाहिजे, एवढाच माझा नियम. दुपारी ढग फाटले. कड्यावरून पॅराग्लायडर निघाले, मिरामारच्या तळावरची लढाऊ विमानं गडगडत गेली. ग्रीनवर मी दादाला इथलं जुनं सांगणं सांगितलं: उतार दिसो न दिसो, चेंडू समुद्राकडे वळतो. त्याने तसा हिशेब धरून लांबची पुट मारली आणि ती आत गेली. सत्तरी ओलांडलेला माझा भाऊ दोन्ही हात वर करून ओरडला.

खेळून झाल्यावर आम्ही शेजारच्या राखीव वनात गेलो. टॉरी पाइन हे झाड निसर्गतः जगात फक्त दोन ठिकाणी वाढतं, इथे आणि सांता रोझा बेटावर. त्याच्या लांब सुया धुक्यातले थेंब धरतात आणि मुळांशी सोडतात. पाऊस कमी असलेल्या या किनाऱ्यावर ते त्यावर तगतं. ज्या जूनच्या धुक्याला खेळाडू कंटाळतात, तेच या झाडाचं पाणी. ही झाडं वाचावीत म्हणून १८९९ साली शहराने इथली जमीन बागेसाठी राखली.

ही जमीन राखता आली, कारण ती गावाचीच होती. मुळात ही भूमी कुमेयाय लोकांची. स्पॅनिश आणि मेक्सिकन अमलात गावाभोवतीची विस्तीर्ण जमीन पुएब्लोच्या, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची ठरली, आणि अमेरिकेचं राज्य आल्यावरही तिचा मोठा भाग शहराकडेच राहिला. आपल्याकडच्या गायरानासारखी ही जमीन. पुढे तिचे तुकडे विकले गेले, पण समुद्रावरचं हे पठार वाचलं. शेजारच्या सॉल्क संशोधन संस्थेलाही जमीन शहरानेच दिली. आज या कड्यावर बंगले उठले असते तर त्यांची किंमत मोजायला मोजके लोकच पुढे येऊ शकले असते. त्याऐवजी तिथे शाळेची बस चालवणारी बाई आपल्या पाळीची वाट बघत उभी राहू शकते, आणि जगातले सर्वोत्तम खेळाडू जिथे चुकले त्याच ग्रीनवर आपला हात आजमावू शकते.

म्हणून आता कुणी विचारलं की मी सांगते, या शहरात आलात तर आधी गावाच्या मालकीचे कोर्स खेळा. मुलं बरोबर असतील तर मिशन बे, विचार करून खेळायला आवडत असेल तर बाल्बोआ, चालायचं असेल तर कोरोनाडो, समुद्र हवा असेल तर दुपारचा नॉर्थ, आणि अंगात ताकद असेल तरच साउथ. चौघांची जागा आधीच भरून टाकू नका. एक-दोन जागा स्टार्टरवर सोडा. त्या जागी कोण येईल हे आपल्या हाती नसतं. दादाला आणि मला तिथे जी माणसं भेटली, ती कुठल्याही क्लबच्या फाटकाआड भेटली नसती. गायरान राखायचं ते त्यासाठीच, आणि आपल्याकडेही ते राखलं जावं असं मला मनापासून वाटतं.