एका झाडाचं रान

अमेरिकेतल्या युटा राज्यातला फिश लेक पाहायचा तर सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबरची सुरुवात, एवढेच दिवस. सॉल्ट लेक सिटीहून गाडीने तीन-साडेतीन तास लागतात. तळं सुमारे 8,800 फूट उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही तीन हजारांहून अधिक फूट वर. चालताना धाप लागते, बोटं गारठतात, आणि समोरचा डोंगर असा पिवळाधमक की पाऊल पुढे पडत नाही.

माझं गाव पोखर्णी, परभणी-परळी रेल्वेमार्गावरचं, नृसिंहाचं. आमच्याकडे पानगळ होते ती उन्हाच्या तोंडावर. माघ-फाल्गुनात पिंपळ, कडुनिंब झडतात आणि पाडव्याच्या आसपास कोवळी पालवी फुटते. इथे पानं झडतात ती बर्फाच्या आधी. कारण मात्र दोन्हीकडे पाण्याचंच. आपली जमीन कोरडी पडते, इथली गोठते. मुळांना पाणी मिळेनासं झालं की पानांतून ते उडून जाणं झाडाला परवडत नाही. दिवस आखडले, रात्री गार पडल्या की हरितद्रव्य विरतं आणि पानात मुळातच असलेला पिवळा रंग उघडा पडतो.

डोंगर पिवळा करणारं हे झाड अ‍ॅस्पेनचं. 2014पासून ते युटाचा राज्यवृक्ष आहे. साल पांढुरकी, पानाचा देठ चपटा. त्यामुळे वारा जेमतेम असला तरी पान थरथरतं. तळ्याच्या काठाने पायवाट जाते. तिच्यावरून चालताना हा बारीक, कोरडा आवाज सतत सोबत असतो. पिंपळाखाली वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही.

तळ्याच्या नैर्ऋत्येला, अगदी जवळ, पँडो आहे. दिसायला सुमारे 106 एकरांचं रान, 47,000च्या आसपास खोडं. पण झाड एकच. केळीला मुनवे फुटावेत तसं प्रत्येक खोड त्याच मुळांतून वर आलेलं. बर्टन बार्न्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात हे ओळखलं. संपूर्ण झाडाचं वजन सुमारे सहा हजार टन मानतात. माझ्या मते युटात याहून थोर तीर्थ नाही.

आणि ते आतून म्हातारं होत चाललं आहे. नवे कोंब फुटतात, पण हरणं आणि गुरं ते खाऊन टाकतात. जुनी खोडं पडतात, त्यांची जागा घ्यायला तरणं खोड नसतं. युटा स्टेट युनिव्हर्सिटीचे पॉल रॉजर्स यांनी 2018मध्ये हे मोजून दाखवलं. रानाच्या काही भागाला कुंपण घातलंय. जिथे कुंपण धड राहिलं, तिथे कोंब वाढताना दिसतात. मोकाट चराईने माळ कसा उघडा पडतो हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पिवळ्या पानांचा हा सगळा बहर नेमका नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास येतो. इथे आपट्याचं झाड नाही, म्हणून अ‍ॅस्पेनच्या फांद्या आणून सोनं वाटावं असा मोह होतो. गावाकडेही दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, ते मला कधीच पटलं नाही. तेव्हा इकडे येणाऱ्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: पायवाट सोडू नका, फांदी तोडू नका, पोरांना कोंब तुडवू देऊ नका, आणि कुंपणाचं फाटक उघडलंत तर ते मागे लावून घ्या.